यलोस्टोनची कॅन्यन एका दिवसात: कोणता कडा आधी, कोणता नंतर

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये लोअर फॉल्स या धबधब्याचा एकच फोटो असतो. आर्टिस्ट पॉइंटवरून, दुपारी तीनच्या सुमारास काढलेला. पाणी पांढरंफटक, दरीचे पिवळे-तांबडे रंग उडालेले आणि खालच्या कोपऱ्यात कुणाची तरी टोपी. जागा बरोबर असते, वेळ चुकलेली असते. सकाळी ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचं प्रसिद्ध नैसर्गिक कारंजं) करायचं, तिथेच जेवायचं आणि 'जाता जाता' कॅन्यन, म्हणजे धबधब्याची ही खोल दरी, उरकायची, असा बेत आखला की हेच होतं. पार्किंगमध्ये पाऊण तास जातो, कड्यावर दहा मिनिटं मिळतात, आणि उतार असलेली प्रत्येक पायवाट 'आता नको' म्हणून सुटते.

कॅन्यनला अख्खा दिवस द्या. तो कसा लावायचा, एवढंच इथे सांगतो.

## आधी नकाशा डोक्यात बसवा

कार्यक्रम चुकण्याचं मूळ इथे आहे. यलोस्टोन नदी इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे येते. वाटेत आधी अप्पर फॉल्स लागतो, १०९ फुटांचा. मग थोड्याच अंतरावर लोअर फॉल्स, ३०८ फुटांचा. म्हणजे 'अप्पर' लहान आणि 'लोअर' मोठा. खूप जण उलटं धरून चालतात आणि अप्पर फॉल्स पाहून 'बस, एवढाच?' म्हणत परत फिरतात.

लोअर फॉल्सच्या पुढे खोल दरी सुरू होते. तिला दोन कडे आहेत, साउथ रिम आणि नॉर्थ रिम. समोरासमोर दिसत असले तरी दरीवर गाडीचा पूल नाही. एका कड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मुख्य रस्त्यावर परत यावंच लागतं.

मुख्य रस्त्यावरून दरीकडे तीन वेगवेगळे फाटे फुटतात. दक्षिणेकडून मोजलं तर पहिला साउथ रिम ड्राइव्ह, दुसरा अप्पर फॉल्सच्या कडेकडे जाणारा छोटा रस्ता आणि तिसरा नॉर्थ रिम ड्राइव्ह. त्यातला नॉर्थ रिम ड्राइव्ह एकेरी आहे. दक्षिणेच्या टोकाला आत शिरायचं आणि कॅन्यन व्हिलेजला बाहेर पडायचं. मधला एखादा पॉइंट सुटला तर गाडी मागे नेता येत नाही. व्हिलेजला जाऊन मुख्य रस्त्याने खाली यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

सावधान: तुम्ही वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर या प्रवेशद्वाराजवळच्या गावांकडून नॉरिसमार्गे येत असाल, तर कॅन्यन जंक्शनवरून दक्षिणेला वळल्यावर सगळ्यात आधी नॉर्थ रिम ड्राइव्हचीच पाटी दिसते. ती दिसली की हात आपोआप स्टिअरिंग वळवतो. वळू नका. सरळ पुढे जाऊन साउथ रिम गाठा. संपूर्ण दिवस या एका वळणावर ठरतो.

या दरीचं पूर्ण नाव 'ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन'. पण जीपीएसमध्ये नुसतं 'ग्रँड कॅन्यन' टाकलंत तर तो तुम्हाला ॲरिझोनाला न्यायला निघेल. 'कॅन्यन व्हिलेज' किंवा थेट 'आर्टिस्ट पॉइंट' टाका.

## टप्पा १: आदल्या दिवशी करायच्या गोष्टी

हंगाम बघा. हिवाळ्यात इथे आपली गाडी चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत हे रस्ते नेहमीच्या गाड्यांना बंद असतात. पाण्याचा जोर बघायचा असेल तर मे अखेर ते जून, बर्फ वितळतो तेव्हा. पार्कच्या आकड्यांप्रमाणे भर पुरात लोअर फॉल्सवरून सेकंदाला सुमारे ६३,५०० गॅलन पाणी पडतं आणि शरद ऋतूत ते ५,००० गॅलनपर्यंत उतरतं. सप्टेंबरमध्ये गर्दी कमी होते, पाणीही कमी होतं. माझं मत विचाराल तर जूनचा दुसरा पंधरवडा. पाणी भरपूर, आणि उजेड रात्री नऊपर्यंत.

कोणते रस्ते आणि पायवाटा चालू आहेत ते बघा. पार्कच्या संकेतस्थळावर रोजची स्थिती असते. कड्यांवर दुरुस्तीची कामं निघतात आणि एखादा पॉइंट महिनोन्‌महिने बंद राहतो. जुने व्हिडिओ पाहून अंकल टॉम्स ट्रेलचा बेत आखणारे अजूनही भेटतात. ३२८ पायऱ्यांचा तो लोखंडी जिना गेली काही वर्षं बंद आहे. वरचा कठडा पाहता येतो, खाली उतरता येत नाही.

प्रवेशाचं तिकीट. खासगी गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर. इथे एक गोष्ट आपल्याकडच्या कुटुंबांना नेमकी लागू पडते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्यापुढच्या पाहुण्यांना यलोस्टोनसह ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. वार्षिक पासही रहिवाशांना ८० आणि बाहेरच्यांना २५० डॉलरचा आहे. भारतातून आई-बाबा आले असतील तर कोणता पास घेतल्याने कोणाचं शुल्क वाचतं, हे घरूनच पार्कच्या पानावर वाचून ठरवा. मागे पंचवीस गाड्या उभ्या असताना खिडकीशी हिशोब करत बसू नका. सोबत सरकारी फोटो ओळखपत्र हवं. आत शिरायला वेळेचं आरक्षण लागत नाही. मुक्कामाला मात्र बरेच महिने आधी लागतं.

नकाशे डाउनलोड करा. पार्कात फोनला रेंज धड नसते. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप आहे, त्यात यलोस्टोन आधीच उतरवून ठेवलं की रेंजशिवाय चालतं. दोन गाड्या असतील तर 'फोन करतो' हा बेत धरू नका. भेटायची जागा आणि वेळ आधी बोलून ठेवा.

कपडे थरांत घ्या. कॅन्यन व्हिलेज समुद्रसपाटीपासून सुमारे ८,००० फुटांवर आहे. जुलैतसुद्धा पहाटे दात वाजतात आणि दुपारी टी-शर्टवर घाम फुटतो. आत सुती, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. बूट ग्रिपचे हवेत. उतारावर डांबर असतं, पण त्यावर बारीक खडी सांडलेली असते आणि गुळगुळीत तळ त्यावरून सरकतो. चपला, क्रॉक्स गाडीतच ठेवा.

बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा. गर्दीच्या कठड्यांवर त्याची गरज पडत नाही, पण जंगलातून जाणाऱ्या पायवाटेवर जाणार असाल तर हवाच. विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्यामुळे इथे येऊनच घ्यायचा; पार्कात आणि प्रवेशद्वाराजवळच्या गावांत मिळतो. बॅगेच्या तळाशी नाही, कमरेच्या पट्ट्याला. पिन कशी काढायची ते विकणाऱ्याकडून करून बघा.

खाणं-पाणी. माणशी दोन लीटर पाणी. दुपारचा डबा गाडीत बंद ठेवा. बाकावर पिशवी ठेवून 'दोन मिनिटांत फोटो काढून येतो' चालत नाही. अन्न उघड्यावर सोडून जाणं इथे नियमबाह्य आहे, आणि त्याचं कारण अस्वल आहे.

तपासा: टाकी भरली? ॲप विमान मोडवर उघडून पाहिलं? दुर्बीण घेतली? शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि या दरीत ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची आहे.

## टप्पा २: निघायची वेळ

साडेसात ते आठच्या दरम्यान आर्टिस्ट पॉइंटच्या पार्किंगमध्ये गाडी लागली पाहिजे. यावरून उलटं मोजा. वेस्ट यलोस्टोन ते कॅन्यन व्हिलेज ४० मैल आहे, पण वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल. त्यात गव्यांचा (अमेरिकी बायसनचा) कळप रस्त्यात उभा राहिला की तो हलेपर्यंत तुम्ही हलत नाही. सहाला निघा.

लेक किंवा फिशिंग ब्रिजकडून येणाऱ्यांना अंतर जेमतेम १६ मैल, पण ते हेडन व्हॅलीतून. तिथे गव्यांची कोंडी हा रोजचा कार्यक्रम आहे. सोळा मैलांना कधी पंचवीस मिनिटं लागतात, कधी दीड तास.

प्राणी दिसला की गाडी रस्त्यात थांबवून उतरायचं नाही. रस्त्याकडेच्या थांब्यावर घ्या. अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून किमान १०० यार्ड, बाकी सगळ्या प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर हा नियम आहे, सल्ला नाही. गवा संथ चरताना गरीब वाटतो. तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

## टप्पा ३: आर्टिस्ट पॉइंट

पार्किंगपासून कठडा चालत काही मिनिटांवर. खालच्या पातळीवर व्हीलचेअर जाते, वरच्या कठड्याला पायऱ्या आहेत. आई-बाबांना खालूनही धबधबा पूर्ण दिसतो, वर चढवायची गरज नाही.

इथून तुम्ही साधारण पश्चिमेकडे बघता. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो, म्हणून धबधब्याचं तोंड आणि दरीच्या भिंती दोन्ही उजळतात. दुपार कलली की तोच सूर्य समोरून येतो आणि रंग मरतात. सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे.

दुर्बीण काढा आणि लोअर फॉल्सच्या माथ्याकडे बघा. पांढऱ्या पाण्यात एक हिरवा पट्टा उभा उतरताना दिसेल. कड्याच्या ओठाला तिथे खाच आहे. त्या खाचेत पाणी खोल असतं, फेस कमी होतो आणि नदीचा हिरवा रंग तसाच खाली येतो. नुसत्या डोळ्यांनी बघणारे बहुतेक जण तो पट्टा पाहतच नाहीत. मग भिंतींवर या. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी खडकात मधूनच वाफेचा एखादा धागा निघताना सापडेल. गरम पाण्याने आणि वाफेने हाच खडक शिजवून मऊ केला आहे, म्हणून तो असा रंगीत आहे आणि म्हणूनच ठिसूळही आहे.

सावधान: ठिसूळपणाचा मुद्दा फोटोवाल्यांसाठी. कठड्यापलीकडे दिसणारी मळलेली वाट म्हणजे रस्ता नव्हे, आधीच्या मूर्खांच्या पावलांच्या खुणा आहेत. काठावरची माती आतून पोकळ असू शकते. मुलांना कठड्यावर बसवू नका. दरीत दगड टाकू देऊ नका. खाली माणसं आणि प्राणी असू शकतात, आणि त्याला बंदीही आहे. ड्रोनला तर पार्कभर बंदी आहे.

पार्किंग भरलेलं असेल तर गोल गोल फिरत बसू नका. थोडं मागे अंकल टॉम्सच्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि साउथ रिमच्या पायवाटेने या. साधारण मैलभर चालणं, चढ-उतार बेताचे.

## टप्पा ४: साउथ रिमची पायवाट, आणि इंद्रधनुष्यासाठी परत

आठ-सव्वाआठला पहिलं दर्शन झालं की लगेच गाडीत बसायचं नाही. गाडी तिथेच राहू द्या आणि चालत निघा. दोन पर्याय आहेत.

एक, अंकल टॉम्सच्या दिशेने. या वाटेवर लोअर फॉल्स जवळ येत जातो, आणि पुढे अप्पर फॉल्सही दिसतो. कुटुंबासाठी हीच बरी.

दुसरी, उलट दिशेला पॉइंट सब्लाइमकडे. धबधबा मागे पडतो, पण रंग सगळ्यात दाट इथेच आहेत आणि माणसं तुरळक. ही वाट जंगलातून आणि कड्याच्या अगदी काठाने जाते, बराच भाग कठड्याविना. लहान मुलं सोबत असतील किंवा उंचीची भीती असेल तर सोडा. जाणार असाल तर स्प्रे कमरेला, तिघे-चौघे एकत्र, आणि बोलत चाला. अस्वलाला तुमची चाहूल आधी लागली पाहिजे.

कोणतीही वाट घ्या, साडेनऊच्या आत आर्टिस्ट पॉइंटवर परत या. उन्हाळ्यात, ऊन स्वच्छ असेल तर पावणेदहा-दहाच्या सुमारास लोअर फॉल्सच्या पायथ्याशी उडणाऱ्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. सूर्य पाठीशी, तुषार समोर आणि सूर्य ठरावीक उंचीवर, या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्यामुळे महिन्याप्रमाणे वेळ मागेपुढे होते आणि ढग आले की काहीच दिसत नाही. ते हळूहळू जागा बदलतं, म्हणून पहिल्या झलकेला फोटो काढून निघू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोवर पार्किंगमध्ये तुमच्या जागेसाठी चार गाड्या टपलेल्या असतील, त्यांना टपू द्या.

तपासा: इथून निघताना सगळ्यांनी पाणी प्यायलं का? ८,००० फुटांवर तहान उशिरा जाणवते. डोकं जड होणं, मळमळणं अशा तक्रारी इथपासूनच सुरू होतात. 'पुढे शौचालय असेल की नाही' म्हणून पाणी न पिण्याची सवय, विशेषतः आपल्या बायकांची, इथे महागात पडते. मोठ्या पार्किंगपाशी बिनपाण्याची शौचालयं असतात. हात साफ करायची बाटली खिशात ठेवा म्हणजे झालं.

## टप्पा ५: अप्पर फॉल्सची कड

मुख्य रस्त्यावर परत या, उजवीकडे वळा, पुढचाच फाटा. थोडं चालणं, काही पायऱ्या, आणि तुम्ही थेट पाण्याच्या ओठावर. इथे बघायचं ते उंचीसाठी नाही, वेगासाठी. संथ वाहणारी नदी शेवटच्या काही फुटांत कशी वाकते आणि गडप होते, ते हाताच्या अंतरावर दिसतं.

अर्धा तास पुरे. हा पॉइंट नकाशात बारीक दिसतो म्हणून निम्मे लोक सोडून देतात. गुडघे दुखणाऱ्यांना पडत्या पाण्याच्या अगदी जवळ नेणारी दिवसातली हीच एक जागा आहे, म्हणून मी ती कधीच वगळायला सांगणार नाही.

## टप्पा ६: ब्रिंक ऑफ द लोअर फॉल्स

आता नॉर्थ रिम ड्राइव्ह. पहिलाच थांबा हा, आणि दिवसातली खरी मेहनतही हीच. ब्रिंक म्हणजे धबधब्याचा माथा. पार्किंगपासून वळणावळणाने खाली उतरायचं, आणि ३०८ फूट खाली झेपावणाऱ्या पाण्याच्या शेजारी बांधलेल्या चौथऱ्यावर उभं राहायचं. पायांखालची फळी थरथरल्यासारखी वाटते, बोललेलं ऐकू येत नाही. दरी इथून उलट दिशेने, तिच्या लांबीभर दिसते.

वाट लहान आहे, एका बाजूने अर्धा मैलही नाही. फसगत नेमकी इथेच होते. पार्कच्या माहितीप्रमाणे तेवढ्यात सुमारे ६०० फूट उतार आहे. म्हणजे परत येताना पन्नास मजली इमारत जिन्याने चढण्यासारखं, आणि तेही विरळ हवेत. उतरायला पंधरा मिनिटं लागतात म्हणून लोक 'आलोच' म्हणून पाण्याशिवाय जातात. चढायला चाळीस लागतात.

ठरवायचं ते वर, पार्किंगमध्ये. खाली गेल्यावर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर नको. त्यांच्यासाठी अप्पर फॉल्सची कड झालेली आहे आणि पुढे लुकआउट पॉइंट आहे; काही बुडत नाही. 'अर्ध्यापर्यंत येतो' हा पर्याय फसवा आहे, कारण अर्ध्यावरून धबधबा धड दिसत नाही आणि चढ मात्र निम्मा पदरात पडतो. जे वर थांबणार त्यांच्याकडे गाडीची किल्ली, पाणी आणि परतीची ठरलेली वेळ द्या. सव्वा तास सांगा.

जाणाऱ्यांनी आधी काहीतरी खाऊन घ्या. चिक्की, लाडू, केळं, जे असेल ते. भरपेट जेवून नको. माणशी किमान अर्धा लीटर पाणी हातात. स्ट्रोलर नेऊ नका. वळणांवर तो ब्रेक लावूनही ओढतो आणि परतताना मूल एका हातात, स्ट्रोलर दुसऱ्या हातात अशी वरात निघते. लहान मूल पाठीवरच्या कॅरिअरमध्ये.

चढताना प्रत्येक वळणावर थांबा. दम लागण्याआधी थांबायचं, लागल्यावर नाही. वेगाची कसोटी सोपी आहे: चालता-चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर.

सावधान: खालचा चौथरा तुषारांनी ओला असतो. मोबाईल कठड्याबाहेर धरून व्हिडिओ काढू नका. पडला तर तो परत मिळण्याचा प्रश्नच नाही, आणि तो पकडायला झेप घेणारा माणूस जास्त धोक्यात असतो.

## टप्पा ७: नॉर्थ रिमचे बाकीचे थांबे

हे लागोपाठ येतात आणि एकाहून एक वेगळे आहेत, पण सगळीकडे सारखाच वेळ घालवू नका.

लुकआउट पॉइंटला थांबाच. लोअर फॉल्स इथून आर्टिस्ट पॉइंटपेक्षा बराच जवळ आहे. दुपारच्या उन्हात रंग थोडे फिके दिसतात, पण जवळीक ती कसर भरून काढते. इथूनच रेड रॉक पॉइंटची वाट खाली जाते, सुमारे ५०० फूट उताराची आणि भरपूर पायऱ्यांची. ब्रिंक केलेल्याने हा पुन्हा करू नये. पाय तेच आहेत. ज्यांना धबधब्याच्या माथ्यापेक्षा समोरून, खालच्या अंगाने दर्शन हवं असेल त्यांनी ब्रिंकऐवजी रेड रॉक निवडावा. दोन्हींतला एकच, हा माझा ठाम सल्ला आहे.

ग्रँड व्ह्यूला धबधबा दिसत नाही म्हणून लोक गाडीतूनच मान वळवतात. इथे दुर्बिणीचं काम आहे. दरीतून सुळक्यांसारखे वर आलेले खडक निरखून बघा. उन्हाळ्यात एखाद्या सुळक्याच्या टोकावर काटक्यांचा मोठा ढीग दिसेल. ते ऑस्प्रेचं घरटं, मासे पकडणारा शिकारी पक्षी. तुम्ही कड्यावर उभे असल्यामुळे घरटं वरून दिसतं, आणि पिल्लं असतील तर त्यांच्या माना हलतानाही.

इन्स्पिरेशन पॉइंट शेवटी. इथे दरीचा वळसा लांबवर दिसतो, धबधबा दूर आणि छोटा. चालणं जेमतेम. ब्रिंकच्या वेळी वर थांबलेल्यांना इथे आधी उतरवा.

हवामानाची तपासणी: उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. म्हणून दीड-दोनच्या आत दोन्ही कडे संपवा. गडगडाट ऐकू आला की कठडा सोडा, एकट्या उंच झाडाखाली उभे राहू नका, गाडीत बसा. लोखंडी कठड्याला टेकून विजेचा व्हिडिओ काढणारे दरवर्षी दिसतात.

## टप्पा ८: जेवण आणि उरलेला दिवस

एकेरी रस्ता तुम्हाला आपोआप कॅन्यन व्हिलेजला आणून सोडतो. जेवण, धड शौचालय, पेट्रोल आणि व्हिजिटर सेंटर, सगळं इथे एकाच ठिकाणी. डबा खाणार असाल तर खाऊन झाल्यावर टेबल पुसून घ्या आणि कचरा अस्वलांना उघडता येत नाही अशा झाकणांच्या पेटीतच टाका. झाकणाच्या खाचेत बोटं घालून आतली खिटी दाबावी लागते. पहिल्यांदा उघडत नाही म्हणून पिशवी पेटीशेजारी ठेवून जाणारे आहेत.

यानंतर अजून दम असेल तर टॉवर फॉल. डनरेव्हन पास ही खिंड ओलांडून उत्तरेला सुमारे १७ मैल. खिंड सुमारे ८,९०० फुटांवर असल्याने हा रस्ता मे अखेरीला उघडतो आणि शरद ऋतूत लवकर बंद होऊ शकतो. निघण्याआधी व्हिजिटर सेंटरच्या फलकावर बघा. धबधबा १३२ फुटांचा, पार्किंगपासून कठडा जवळच. पायथ्यापर्यंत जाणारी जुनी वाट खचल्यामुळे बंद आहे, तेव्हा वरून बघून परत. या रस्त्याला वळणं खूप आहेत. गाडी लागणाऱ्यांना जेवल्या-जेवल्या यावर घालू नका.

दम नसेल तर दक्षिणेला हेडन व्हॅली. संध्याकाळी गवे, कधी नदीकाठी लांडगे. मात्र मुक्काम वेस्ट यलोस्टोनला असेल तर हे दोन्ही उलट दिशांना आहेत. त्यातला एक निवडा आणि अंधार पडायच्या आत परतीच्या रस्त्याला लागा. रात्री रस्त्यात उभा असलेला गवा हेडलाइटच्या उजेडातही उशिरा दिसतो. त्याचा रंगच डांबराचा.

बेअर स्प्रे न वापरता उरला असेल तर तो हॉटेलच्या कचऱ्यात टाकू नका, आणि भाड्याच्या गाडीत तर मुळीच विसरू नका. उन्हात तापलेल्या बंद गाडीत डबा फुटू शकतो. पार्कात असे डबे जमा करून घेण्याची सोय आहे. बाहेर पडण्याआधी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारून तिथेच ठेवून या.